फुरशाचा राग, आपली भीती : साप सांभाळायला माणूस कसा शिकला

आजचं व्याख्यान सापावर आहे, पण सर्पकथांवर नाही. साप जिवंत ठेवणं, त्याला शांत होऊ देणं आणि त्याच्या पोटात अन्न घालणं हे माणूस कसं शिकला, त्याचा हा इतिहास आहे. आणि तो आपण सिंधुदुर्गातून, देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या सड्यांवरून सुरू करणार आहोत.

विषय जाहीर झाल्यावर दोन प्रकारचे प्रश्न आले. एक शहरातल्या तरुण मंडळींचा. त्यांनी बॉल पायथनसारखा परदेशी साप घरी आणलेला असतो. ते विचारतात, "डबा उघडला की फुत्कारतो, झेप घेतो, तीन आठवडे काही खाल्लं नाही, काय करू?" दुसरा प्रश्न कोकणातल्या श्रोत्यांचा. त्यांना साप पाळायचा नाही, तो काजूच्या बागेत भेटतो. ते विचारतात, "एवढंसं फुरसं, पळून जायचं सोडून अंगावर का येतं?" वरवर बघितलं तर या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोघांचं उत्तर एकच आहे, आणि ते सापडायला आपल्या देशाला शंभरावर वर्षं लागली. ते मारणाऱ्यांना सापडलं नाही, सांभाळणाऱ्यांना सापडलं. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच.

सड्यावरचं जनावर

कोकणात रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. नाग हा जागेचा राखणदार मानला जातो, नागपंचमीला घरी मातीचा नाग आणून त्याची पूजा होते. पण या मानपानात फुरशाला जागा नाही. फुरसं लहान, हात-दीड हाताचं, मातकट रंगाचं, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. जांभ्याचा सडा, गडग्याच्या फटी, चिऱ्यांचा ढीग, पातेरा ही त्याची घरं. भाजावळीसाठी पातेरा गोळा करणारी बाई, गडगा रचणारा माणूस, अंधारात अनवाणी चालणारं पोर यांच्याशी त्याची गाठ पडते.

त्याची एक लकब लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. फुरसं अडचणीत आलं की नाल्यांसारखी वेटोळी एकात एक घालतं आणि अंगावरचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासतं. त्यातून गरम तव्यावर पाणी पडावं तसा खर्र-चर्र आवाज येतो. फुत्कार टाकला तर श्वासाबरोबर अंगातलं पाणी जातं, कोरड्या मुलखात राहणाऱ्या प्राण्याला ते परवडत नाही, म्हणून खवल्यांचा आवाज, असा एक तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. कारण काहीही असो, त्या आवाजाचा अर्थ 'येतो तुझ्यावर' असा नाही. 'मी इथे आहे, पाय मागे घे' असा आहे. माणसाने मात्र तो नेमका उलटा वाचला.

१८६२ : डोक्यामागे बक्षीस

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी मालवण, देवगड, कणकवली हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. तेव्हा एकोणिसाव्या शतकातले रत्नागिरीचे आकडे आम्ही सांगू, त्यात आपलाही मुलूख धरलेला आहे.

ब्रिटिश सरकारने सापांवर जो उपाय केला तो वाघांवर केला तोच होता : मारा आणि बक्षीस न्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशावर बक्षीस लागलं. डिसेंबर १८६२ मध्ये आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून हजर केली गेली. पुन्हा सांगतो, आठ दिवसांत, एका जिल्ह्यात. पुढे विडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८९० साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, त्यात सहा वर्षांची सरासरी दिली आहे : वर्षाला २,२५,७२१. जगातल्या सर्पशास्त्राच्या पुस्तकांत कोकणचं नाव येतं ते बऱ्याचदा या आकड्यांमुळे.

या आकड्यांकडे जरा थांबून बघू या. इतकी फुरशी दरवर्षी मारली जात होती, म्हणजे दगड उलटवण्याचं काम घराघरातून चालू असणार. फुरसं कुठल्या दगडाखाली असतं, कुठल्या महिन्यात जास्त दिसतं, हे लोकांना पक्कं माहीत असणार. हे ज्ञान काही लहान नाही. पण ते दगड उलटवण्यापाशी संपतं. त्या सापाला पुढे काय होतं, तो काय खातो, किती दिवसांनी खातो, कशाने बिथरतो आणि कशाने निवतो, हे कळायची वेळच येत नाही, कारण तोवर तो बक्षिसाच्या टोपलीत गेलेला असतो. सरकारी खात्यात डोकी मोजली गेली. आणि इतकं करून फुरसं संपलं का? आजही देवगडच्या सड्यावर ते आहेच. भारतातलं फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं. लपायला जागा आणि खायला विंचू, गोम, पाली, बेडूक, उंदीर आहेत तोवर ते राहणारच.

गारुडी : जवळ ठेवणं आणि सांभाळणं

आता कोणी म्हणेल, साप सांभाळण्याची विद्या आपल्याकडे होतीच की, गारुड्यांकडे. हे अर्धं खरं आहे.

गारुड्याला सापाचं अंतर वाचता येत होतं. नाग फणा काढून उभा राहतो तेव्हा तो बचावाच्या पवित्र्यात असतो, आणि उभ्या फण्यानिशी त्याची झेप फार लांब जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. पुंगीच्या सुरावर नाग डोलतो म्हणतात. खरं म्हणजे तो डोळ्यांसमोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून असतो. ती वस्तू डावीकडे गेली की तोही डावीकडे. आपण ज्याला नाच समजून पैसे टाकत आलो तो घाबरलेल्या जनावराचा पहारा होता.

पण सांभाळणं म्हणजे खाऊ घालणं, आणि तिथे खेळाची गरज सापाच्या गरजेच्या आड आली. दात काढलेले, कधी तोंड शिवलेले नाग टोपलीत राहत. तोंड शिवलेला साप खाणार काय? नागपंचमीच्या आधी त्यांना तहानलेलं ठेवलं जाई, म्हणजे वाटीत तोंड बुडवलं की दूधही पितील. साप दूध पचवू शकत नाही. त्याने अन्न म्हणून दूध घेतलेलं नसतं, तहानेने जे ओलं मिळालं ते घेतलेलं असतं. भक्तांच्या दृष्टीने नागाने नैवेद्य स्वीकारला, नागाच्या दृष्टीने ती अखेरची घटका असे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी याहून वेगळी होती. तिथे नाग पकडून पूजा करून पुन्हा सोडण्याची रीत होती आणि पकडणाऱ्यांचं कसब मोठं होतं. पण तिथेही नाग माणसाजवळ काही दिवसच असे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या.

म्हणजे मारणाऱ्याला साप ओळखता येत होता, खेळवणाऱ्याला त्याची झेप ओळखता येत होती. महिनोन्‌महिने त्याला निरोगी ठेवायची गरज दोघांनाही पडली नव्हती. ती गरज एका औषधाने निर्माण केली.

औषधाला जिवंत साप लागतो

१८९०च्या दशकात फ्रान्सच्या अल्बेर काल्मेत यांनी सापाच्या विषावर रक्तद्रव्याचं औषध तयार केलं. पद्धत आजही मुळात तीच आहे. विषाच्या अगदी थोड्या मात्रा घोड्याला टोचत जायच्या, त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढायची. काल्मेत यांना वाटलं, नागाच्या विषावरचं औषध सगळ्याच सापांना चालेल. भारतात वैद्यकीय सेवेत असलेल्या जॉर्ज लॅम्ब यांनी ते तसं नाही हे दाखवलं. नागाचं औषध घोणशीला चालत नाही. ज्याचं विष, त्याचंच औषध.

या एका निष्कर्षाने फुरशाची किंमत पालटली. काल ज्याच्या मेलेल्या डोक्याला बक्षीस होतं, ते आता जिवंत हवं झालं. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध मिळून एक औषध बनतं, आणि त्यातला चौथा हिस्सा फुरशाशिवाय पुरा होत नाही. मुंबईत परळच्या जुन्या राजभवनात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली, १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं, आणि पुढच्या काळात सर्पदंशावरचं औषध म्हणजे हाफकिन असं समीकरण महाराष्ट्रात झालं. कोकणातली फुरशी तिथे जाऊ लागली. सड्यावरचं जनावर परळच्या पिंजऱ्यात आलं.

इथे ब्राझीलची एक गोष्ट सांगायला हवी. साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेत व्हिताल ब्राझील या डॉक्टरांनी १९०१च्या सुमारास शेतकऱ्यांशी एक साधा सौदा केला. साप मारू नका, लाकडी पेटीत घालून रेल्वेने आमच्याकडे पाठवा, त्याच्या बदल्यात औषध घ्या. पेटी आणि पकडायची काठी संस्थाच देत असे. रत्नागिरीचं बक्षीस आणि हा सौदा शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे गरीब शेतकरी, दोन्हीकडे साप, दोन्हीकडे मोबदला. पण एका व्यवहारातून आकडा हातात आला, दुसऱ्यातून जीव वाचवणारी कुपी, आणि शिवाय साप जिवंत धरायला शिकलेला शेतकरी.

खात का नाही?

आता प्रयोगशाळेपुढे नवीच अडचण उभी राहिली. पकडलेला साप खाईना.

हे बहुतेक सगळीकडे घडलं. रानातून आणलेला साप उजेडातल्या पिंजऱ्यात टाकला, माणसं येतात-जातात, ठराविक दिवशी मान धरून विष काढलं जातं. अशा सापापुढे उंदीर सोडला तर तो उंदरावरही बचावासाठीच झेपतो किंवा कोपऱ्यात वेटोळं करून पडून राहतो. उपाय म्हणून काही ठिकाणी नळीने घशात अंडं घालायला सुरुवात झाली. त्यात अन्न पोटात जातं, पण प्रत्येक खेपेला सापाला पुन्हा धरावं लागतं, म्हणजे ज्या भीतीमुळे तो खात नाही ती भीती आपण वाढवतो. शिवाय घशाला इजा होते, अन्न उलटून पडतं. फुरशासारखा लहान साप तर अशा हाताळणीत फार टिकत नाही.

तामिळनाडूत या अडचणीला निराळं उत्तर मिळालं. इरुळा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे. पूर्वी कातड्याच्या व्यापाऱ्यांना साप विकायचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ साली सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि त्यांची चूल थंडावली. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप पकडायचा, वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं, तीन-चार आठवड्यांत मोजक्या वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि परत रानात सोडायचं.

यात शिकण्यासारखं काय आहे? मडकं. मडकं अंधारं, गार, गोल आणि अंगाला चिकटून असतं. सापाला ते बिळासारखं वाटतं. काचेच्या मोठ्या पेटीपेक्षा तो त्यात लवकर निवतो. पुस्तकी सर्पशास्त्राच्या आधी इरुळांना ही गोष्ट हाताने माहीत होती.

बहात्तर तास

हे ज्ञान सामान्य माणसापर्यंत यायला आणखी काळ गेला. हाफकिनमधले डॉ. देवरस यांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलं. मग आलं पुण्यातलं १९८० साल. जानेवारी महिन्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर सापांबरोबर बहात्तर तास एका काचेच्या खोलीत राहिले. त्यातले बहुतेक साप विषारी होते. लोकांनी त्यात विक्रम पाहिला, धाडस पाहिलं. आम्हाला त्यातला युक्तिवाद महत्त्वाचा वाटतो. त्यांना दाखवायचं होतं ते हे की, डिवचल्याशिवाय साप चावत नाही. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. हा धडा उलटा घेऊ नये. 'साप डिवचल्याशिवाय चावत नाही' याचा अर्थ 'मी साप धरला तरी चालेल' असा होत नाही. धरणं हेच डिवचणं आहे. सापाच्या मनात शिकारी आणि सर्पमित्र असे दोन कप्पे नसतात. मोबाइलसमोर नाग हातात घेऊन बोलणारा मुलगा जुन्या गारुड्याचाच खेळ करतो, फक्त दात न काढता.

मग बिथरलेल्या सापाचं करायचं काय?

सांभाळणाऱ्यांच्या शंभर वर्षांतून जे हाती लागलं ते आता सरळ सांगतो. पिंजरा प्रयोगशाळेचा असो, प्राणिसंग्रहालयाचा असो, की घरातल्या परवानगी असलेल्या परदेशी सापाचा असो, सूत्रं तीच आहेत.

पहिलं, त्याला एकटं सोडा. नवीन आलेल्या सापाला निदान आठवडाभर हात लावायचा नाही. पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. बघायला पाहुणे बोलवायचे नाहीत.

दुसरं, लपायला जागा द्या, आणि ती अंगाला घट्ट बसेल अशी. मोठी, मोकळी, उजेडाची जागा आपल्याला ऐसपैस वाटते, सापाला ती उघड्यावर पडल्यासारखी वाटते. वेटोळ्याच्या कडा भिंतींना टेकल्या की त्याला पाठ सुरक्षित वाटते. एक जागा उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला हवी, म्हणजे त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागत नाही.

तिसरं, ऊब. साप बाहेरच्या उबेवर जगतो. अंग गार असेल तर अन्न पचत नाही, आणि पचणार नसेल तर तो खात नाही. हिवाळ्यात न खाणारा साप बऱ्याचदा हट्टी नसतो, गारठलेला असतो. डोळे दुधाळ झाले असतील तर तो कात टाकायच्या बेतात आहे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो अधिक बिथरतो आणि खातही नाही. कात पडेपर्यंत थांबायचं.

चौथं, खाणं. संध्याकाळी द्या, दिवा मंद करून. भक्ष्य सापाच्या जाडीएवढंच असावं. जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाऊ नये. भुकेला उंदीर सापाला कुरतडतो, आणि त्यानंतर तो साप उंदरालाच घाबरायला लागतो. मेलेला, कोमट केलेला उंदीर लांब चिमट्याने द्यावा, आणि तोही तोंडावर न नाचवता. बॉल पायथनसारख्या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, गार भक्ष्य त्याला भक्ष्य वाटतच नाही. झेप घेऊन त्याने तोंड मागे घेतलं तर ती बचावाची झेप. चिमटा हळू बाजूला घ्यायचा, भक्ष्य लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ठेवायचं, पेटी झाकायची आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही.

फुरसं-घोणशीच्या जातीत तर आणखी एक गंमत आहे. हे साप उंदराला चावून सोडून देतात आणि मग जिभेने वास घेत त्याच्या मागावर जातात. नवख्या माणसाला वाटतं, चावला पण खात नाही. तो उंदीर काढून घ्यायला जातो, आणि नेमकं जेवणाच्या ताटावरून सापाला उठवतो.

पाचवं, खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. त्या वेळी उचललं तर तो भक्ष्य ओकून टाकतो, कारण भरल्या पोटी त्याला पळता येत नाही. आणि नाहीच खाल्लं तर लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न नको, आठवडाभर जाऊ द्या. मोठा, धडधाकट साप काही आठवडे उपाशी राहिला म्हणून मरत नाही. वजन उतरत असेल, तोंडात चिकट स्राव असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जायचं.

यातल्या प्रत्येक सूत्रात माणसाने काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हेच जास्त आहे. साप शांत 'करता' येत नाही. त्याला घाबरवणं थांबवलं की तो शांत होतो.

कायद्याचंही एका वाक्यात सांगून टाकतो. आपल्या मातीतला साप, मग तो नाग असो, फुरसं असो, अजगर असो की बिनविषारी धामण, घरी ठेवणं १९७२च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

जाळ्यातला साप

शेवटी मालवणच्या किनाऱ्यावर येऊ. इथे सापाशी गाठ पडते ती सड्यावर तशी समुद्रातही. रापणीत, ट्रॉलच्या जाळ्यात समुद्रसाप येतात. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी मालवणच्या बंदरावर मच्छीमारांबरोबर राहून नोंदी केल्या. त्यात हायड्रोफिस शिस्टोसस आणि हायड्रोफिस कर्टस या दोन जाती प्रामुख्याने मिळाल्या. दोन्ही विषारी. आणि आपल्याकडे मिळणारं चार सापांवरचं औषध समुद्रसापाच्या विषावर चालत नाही. तरीही हे साप बहुतेक वेळा जाळ्यातून सोडवून पाण्यात परत टाकले जातात. घाई न करता, मासळीच्या ढिगात आंधळा हात न घालता. जाळ्यात गुदमरलेल्या सापाशी त्याच्या झेपेचा अंदाज घेऊन वागायचं हे कसब आहे, आणि ते या किनाऱ्यावर रोजच्या कामातून आलेलं आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गारुड्याचं किंवा इरुळांचं ज्ञान आपण जसं उशिरा मोजलं तसं याचं होऊ नये.

हे सगळं कशासाठी?

कारण माणसं मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, आणि २०२४ साली भारत सरकारने २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला.

आता हे मृत्यू आणि सापाचं जेवण यांचा संबंध बघा. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हे आता सिद्ध झालं आहे. औषधासाठी लागणारं विष आपल्या देशात बराच काळ मुख्यतः तामिळनाडूतून येत राहिलं. कोकणातल्या माणसाला कोकणातल्या फुरशाच्या विषावर पक्कं बसणारं औषध हवं असेल, तर इथले साप निरोगी, खाऊन-पिऊन असलेल्या अवस्थेत सांभाळणाऱ्या जागा हव्यात आणि ते जाणणारी माणसं हवीत. उपाशी, बिथरलेल्या सापाकडून ना पुरेसं विष मिळतं, ना खात्रीचं.

आणि सड्यावरच्या श्रोत्यांसाठी. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, पातेऱ्यात हात घालण्याआधी काठीने तो हलवा, पायात बूट असू द्या. फुरशाचा तो खर्र आवाज आला की जागच्या जागी थांबा, आवाज कुठून येतो ते बघा आणि मागे सरका. दंश झालाच तर आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला पाय हलू न देता १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात. ते गोठलं नाही तर औषध सुरू होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते इतकी ही साधी चाचणी आहे. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

१८६२च्या त्या आठ दिवसांत कोकणात लाखावर दगड उलटले गेले, आणि प्रत्येक दगडाखालच्या जनावराने बहुधा तोच आवाज केला असेल. तेव्हा तो कोणी ऐकून घेतला नाही. आज आपल्याला त्याचा अर्थ माहीत आहे. तेवढा पाय मागे घ्यायला शिकलो तरी पुष्कळ झालं.